पोरगा असला तर पंचांग, पोरगी असली तर 'बेबी'

पळसफूल

माझ्या भावाला पहिला मुलगा झाला तेव्हा नावावरून घरात दीड महिना नुसती धुमश्चक्री चालली होती. महाराजांकडून पत्रिका करून आणली, अक्षर 'त' निघालं. बाबांना आजोबांच्या नावातलं काहीतरी पाहिजे होतं, भावाला 'फौजात शोभेल असं' पाहिजे होतं, मोठ्या बाबांनी वर्ध्याहून फोन करून तीन नावं सांगितली आणि तिन्ही नाकारली म्हणून बारशाला आले नाहीत. मी आत्या. पाळण्यात वाकून कानात नाव सांगितलं, पाठीवर बुक्क्या खाल्ल्या, साडी घेतली.

आता त्याच घरात, त्याच पाळण्यात पाच महिन्यांची पोरगी आहे. तिचं नाव 'बेबी'. बारसं झालं नाही, कारण आधी सोयाबीन काढायचं होतं, मग कापूस वेचायचा होता, मग तूर. आईला विचारलं तर म्हणते, "ठेवू नं, काय घाई हाये? कोनत्या शाळेत जाऊन राह्यली ते?" जन्माच्या दाखल्यावर नावाची जागा कोरी आहे.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. मागच्या महिन्यात जुनं दाखल-खारीज रजिस्टर नव्यानं बांधायला काढलं होतं. पानं हातात आली की वाचल्याशिवाय राहवत नाही. मुलांच्या रकान्यात गजानन इतके की मोजणं सोडून दिलं (शेगाव काही फार लांब नाही), मग ज्ञानेश्वर, पंजाबराव, वसंता, मधेच एखादा उकंडा, एखादा नथ्थू. मुलींच्या रकान्यात कांता, शांता, कुंदा, मंदा, पंचफुला, अंतकला, आणि बेबी. एका वर्षी सलग चार बेबी. घरात हाक मारायला आलेलं 'बेबी' शाळेत नाव घालताना तसंच उतरलं, पुढं लग्नपत्रिकेत तेच, आणि आज मतदार यादीत सत्तरीची बेबीबाई.

पंचफुला नाव किती सुंदर वाटतं ना? आमच्या गावातल्या पंचफुला आजी पाचवी मुलगी आहेत. आणि अंतकला म्हणजे काय, ते सांगायची गरज नाही.

तर मंडळी, तुमच्या घरी मुलाचं नाव कोणी ठेवलं आणि मुलीचं कोणी? खरं सांगा.

वऱ्हाडी ठेचा

ताई, उकंडाचं नाव काढलं म्हून लिवतो. माह्या आज्याचं नाव उकंडाजी. शयरातल्या लोकायले सांगतो, उकंडा म्हंजे उकिरडा, शेणखताचा ढीग. आज्याच्या आधी चार लेकरं गेलते. हा झाला तवा माह्या पणजीनं त्याले टोपल्यात घालून उकंड्यावर नेऊन ठेवलं. शेजारच्या बाईनं उचललं अन् पणजीनं तिच्यापासून पसाभर जवारी देऊन इकत घेतलं. म्हंजे यमाले वाटलं पाह्यजे का हे टाकून देल्लेलं लेकरू हाये, कोनाच्या जिवाचं नाही, कायले न्यायचं?

नथ्थूचंही तसंच. पोरगं जगावं म्हून त्याचं नाक टोचत, नथ घालत. पोरगी हाये असं वाटलं त यम वापस जाते म्हने.

आता मले सांगा, यमाले कोनं सांगतलं होतं का पोरगी न्याच्या लायकीची नसते?

कोरडवाहू

धागा चांगला आहे, पण थोडं उकरून काढल्यासारखं वाटतं. नको असलेल्या मुलीचं नाव 'नकोशी' ठेवायचं, हा प्रकार तिकडं साताऱ्याकडचा. ऑक्टोबर २०११ मध्ये त्या जिल्ह्यात २८५ नकोशींना कार्यक्रम घेऊन नवी नावं दिली होती, तेव्हा पेपरात वाचलं होतं. आपल्या विदर्भात मी आजवर एकही नकोशी पाहिली नाही. आणि वाईट नावं मुलांनाही होतीच की. दगडू, धोंड्या, कचरू, भिका, फकिरा. उकंड्याचं तर वर आलंच. म्हणजे हिशेब बरोबरीचा झाला.

पळसफूल

@कोरडवाहू, हिशेब बरोबरीचा वाटतो खरा. मीही रजिस्टर बघताना आधी तसंच समजले होते. पण ठेचाभाऊंचा प्रतिसाद परत वाचा. त्यांच्या आजोबांना उकंडा म्हटलं ते मूल हातचं जाऊ नये म्हणून. घरात सगळ्यांना माहीत होतं की हे नाव खोटं आहे, यमाला फसवायला घातलेलं आहे. तो मोठा झाल्यावर 'उकंडाजी' झाला, पोळ्याला त्याचा बैल मानाचा ठरला. अंतकलेच्या नावात कोणाला फसवायचं नव्हतं. ते अगदी मनापासून ठेवलेलं नाव आहे, देवाला सांगितलेलं की आता पुरे.

नकोशी आपल्याकडं मीही पाहिली नाही. आपण जरा साहित्यिक माणसं, अंतकला ठेवतो. चंद्रकला, शशिकला, इंदुकला झाल्या की चौथी अंतकला, ऐकायला यमकात बसते.

तूरडाळ

+१. आमच्याकडं एक निराशाताई आहेत. अंगणवाडीत मदतनीस आहेत आणि पूर्ण गावात त्यांच्याइतकं हसणारं माणूस नाही.

सासरची सही

मी पहिल्यांदाच लिहीत आहे, चूकभूल माफ करा. लहान मुलीच्या नावावर चर्चा चालू आहे, पण मुलीचं नाव दोनदा ठेवतात हे कोणी लिहिलं नाही.

माझं माहेर पुसदकडचं. माहेरी मी कुंदा. लग्न लागल्यावर ताटात तांदूळ पसरून आणले, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नाव लिहिलं, 'वैष्णवी'. मला तिथंच कळलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीपण हसले. कारण काय, तर माझ्या सासूबाईंचं नाव कुंदा. एका घरात दोन कुंदा कशा? ठीक आहे म्हटलं. पण माझ्या वडिलांचं नाव दिलीप आणि नवऱ्याचंही दिलीप. म्हणजे माझ्या नावाच्या मागं आधी एक दिलीप होता, मग दुसरा दिलीप आला. तेव्हा कोणी म्हटलं नाही की जावयाचं नाव बदला, तांदूळ आणा.

हसण्यावारी नेलं असतं, पण जुलै २०२४ मध्ये लाडक्या बहिणीचे फॉर्म सुरू झाले आणि माझी दमछाक झाली. शाळेच्या टीसीवर कुंदा, माहेरचं आडनाव. आधारवर वैष्णवी. बँकेच्या पासबुकावर 'कुंदा ऊर्फ वैष्णवी', कारण तिथल्या साहेबांना दया आली होती. दीड हजार रुपये महिन्यासाठी मी प्रतिज्ञापत्र केलं, तीन वेळा तालुक्याला गेले, रांगेत माझ्यापुढं मागं सगळ्या बायाच, आणि सगळ्यांचं दुखणं तेच. एकही पुरुष नाव जुळत नाही म्हणून उभा नव्हता. लग्नानंतर बाईनं नाव बदलावं असा कोणताच कायदा नाही, हे मला तिथल्या टायपिंगवाल्या पोरानं सांगितलं. वीस वर्षांनी.

मला मुलगी झाली तेव्हा मी 'कात्यायनी' म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, "एवढं मोठं कायले? साधं ठेव, पुढं बदलाचंच हाये." त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. त्यांचंही माहेरचं नाव कुंदा नाहीच, वेणू आहे.

वऱ्हाडी ठेचा

म्हंजे ज्या नावासाठी तुमचं नाव गेलं, ते नावही त्यायचं नव्हतं! बाप्पा.

कोरडवाहू

@सासरची सही, हे खरंच माझ्या लक्षात आलं नव्हतं. आमच्याकडं बायकोचं नाव मीच तांदळात लिहिलं. आज संध्याकाळी तिला विचारतो.

एफसी रोड

इंटरेस्टिंग धागा! पुण्यात मात्र आता हे राहिलेलं नाही. माझ्या मित्रमंडळींत मुलींची नावं किती छान छान आहेत, कायरा, शनाया, मायरा.

वऱ्हाडी ठेचा

@एफसी रोड, अर्थ काय हो त्यायचा? आमची अंतकला निदान समजते तरी.

झाडीपट्टी

मी साकोलीकडचा. आमच्या पूर्व विदर्भाचं थोडं वेगळं सांगतो. आमच्याकडं, खास करून गोंड आणि इतर आदिवासी घरांत, जन्माच्या वारावरून नाव ठेवायची जुनी रीत आहे. सोमवारी झाला तर सोमा, झाली तर सोमी. मंगरू तशी मंगरी. बुधा तशी बुधी. त्यात मुलाला भारी आणि मुलीला हलकं असं काही नाही, वार सगळ्यांना सारखाच येतो. माझ्या वर्गात मंगरी होती, तिच्या पाठचा भाऊ सनिराम. तो शनिवारी झाला एवढाच त्याचा पराक्रम.

आता ही नावं संपत आली. आश्रमशाळेत, कॉलेजात हसतात म्हणून पोरांनी बदलून घेतली. मंगरी आता मनीषा आहे.

नावावरून सगळं ठरतं असं माझं म्हणणं नाही, पण २०११ च्या जनगणनेतले शून्य ते सहा वयाचे आकडे बघा. हजार मुलांमागं गडचिरोलीत ९६१ मुली, भंडाऱ्यात ९५०, आणि तिकडं बुलढाण्यात ८५५. राज्याचा आकडा ८९४. मागास कोणाला म्हणायचं ते तुम्ही ठरवा. आम्हाला झाडीतले म्हणून नागपुरात हसतात.

चौदा ऑक्टोबर

वाईट नावांच्या मागं फक्त यम नव्हता, हे या धाग्यात यायला पाहिजे. आमच्या पणजोबांच्या पिढीत वस्तीतल्या पोराचं नाव जरा भारदस्त ठेवलं की वाड्यावरून विचारणा व्हायची, 'काय रे, राजा झाला काय तू?' कचरू, धोंड्या ही नावं आम्ही हौसेनं ठेवली नव्हती. आणि गावात पूर्ण नावानं हाक कोण मारत होतं? जे असेल त्याला शेवटी 'या' लावून मोकळे.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा झाली, त्यानंतर आमच्या घरांत नावं एकदम पालटली. राहुल, सिद्धार्थ, मिलिंद, आनंद, राष्ट्रपाल. आणि माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट मुलींच्या बाबतीत झाली. सुजाता, विशाखा, यशोधरा, संघमित्रा, प्रज्ञा. ही फूल-चांदण्याची नावं नाहीत. विशाखा विहार बांधून देणारी, संघमित्रा बोधीवृक्षाची फांदी घेऊन समुद्रापार गेलेली. माझी आई सहावीपर्यंत शिकली, पण तिला संघमित्रा कोण ते तोंडपाठ होतं, कारण तिच्या मुलीचं नाव तेच.

आता खोटं बोलत नाही, म्हणून पुढचंही सांगतो. त्याच घरात माझी चौथी आत्या आहे. तीन आत्यांची नावं वंदनेतून आलेली, आणि चौथीचं नाव बेबी.

पळसफूल

हा प्रतिसाद दोनदा वाचला. आभार.

बारशावरून एक आठवलं. पाळण्याखालून बाळ एकमेकींच्या हातात देताना आपण काय म्हणतो? "कोनी गोविंद घ्या, कोनी गोपाळ घ्या." मुलगी असली तरी तेच. शेजारी गेल्या वर्षी मुलीचं बारसं झालं, बाया गोविंद-गोपाळ म्हणत होत्या, रामाचा पाळणा म्हणत होत्या, आणि पाळण्यात झोपलेली ती बिचारी वेगळीच. एका बाईनं जिजाऊंचा पाळणा सुरू केला तर अर्ध्या बायांना येत नव्हता.

कोरडवाहू

परत आलो. आधी बायकोचं सांगतो. तिला विचारलं, "तुला तुझं पहिलं नाव आवडत होतं का?" ती म्हणाली, "आज काय झालं तुम्हाले?" मग बराच वेळ पोळ्या लाटत राहिली आणि म्हणाली, "माय फोनवर अजून त्याच नावानं बोलते." मी गप्प बसलो.

दुसरं, माझ्याबद्दल. माझं नाव सुमन आहे. माझ्या वडिलांच्या काळात सुमन, कमल, किरण, शीतल ही नावं मुलांनाही ठेवत. पण वर्गात सुमन नावाची मुलगी आली आणि माझं आयुष्य संपलं. मास्तर हजेरी घेताना 'सुमन' म्हणायचे आणि सगळी पोरं तिच्याकडं बघायची. शिपाईभरतीला गेलो तर तिथला माणूस म्हणाला, "सुमनबाई, बायांची रांग तिकडं." आता माझ्या पोरीचं नाव शौर्या ठेवलं तर लोक म्हणतात वा वा. तिला लाडानं 'बेटा' म्हणतो, 'माझा राजा' म्हणतो, शेजारची बाई तर स्वतःच्या मुलीला 'दादा' म्हणते. पण माझ्या पोराला कोणी चुकून 'ताई' म्हटलं तर मारामारी होईल. म्हणजे मुलीला मुलाचं नाव दिलं तर ती वर चढली, मुलाला मुलीचं दिलं तर तो खाली उतरला. मी अजूनही सही 'एस. डी.' अशी करतो.

सुरुवातीला हिशेब बरोबरीचा म्हटलं होतं, ते मागं घेतो.

वऱ्हाडी ठेचा

सुमनभाऊ, हिंमत लागते लिवाले. आमी हसनार नाही. (थोडंसंक हसलो.)

लसीकरण मंगळवार

मी आशा आहे. नाव नव्हे, काम. पळसफूल ताईंच्या मूळ प्रश्नाला कामाचं उत्तर देते.

दीड महिन्याच्या डोसाला बाळ आणतात तेव्हा कार्डावर नाव विचारावं लागतं. मुलगा असला की आई, आजी, काका, सगळे एकदम बोलतात. मुलगी असली की आई आजीकडं बघते, आजी म्हणते "लिहा बेबी." मी आता 'बेबी' लिहीतच नाही. जागा कोरी ठेवते आणि पुढच्या महिन्यात परत विचारते. माझ्या हातात तेवढंच आहे.

दाखल्याचं असं आहे. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, ती नाव नसतानाही होते. त्यामुळं लोक निर्धास्त राहतात. नोंद झाल्यापासून १२ महिन्यांच्या आत नाव टाकलं तर पैसे लागत नाहीत. त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून टाकता येतं. तुमची भाची पाच महिन्यांची आहे म्हणजे अजून फुकटात काम होईल. जिथं जन्माची नोंद केली तिथंच जायचं, आईबापाचं आधार न्यायचं. नाव लिहून देताना साध्या अक्षरात, सुटं सुटं लिहा आणि दाखला हातात आला की तिथंच उभं राहून वाचा. नंतर दुरुस्ती करायला गेलं की चपला झिजतात.

आणखी एक. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाचं नाव सरकारी कागदावर आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असं लिहायचं आहे. मार्च २०२४ चा निर्णय आहे. आमच्या गावात एका आजोबांनी विचारलं, "आईचं नाव मधात कायले?" त्यांची सून शांतपणे म्हणाली, "मधातच होती नं मी, नऊ महिने." मला तिथंच टाळी वाजवावीशी वाटली, पण हातात सिरिंज... नाही, सिरिंज सिस्टरच्या हातात होती, माझ्या हातात रजिस्टर.

सासरची सही

पण आईचं कोणतं नाव लिहायचं, माहेरचं का तांदळातलं?

लसीकरण मंगळवार

आधारवर असेल ते. ताई, तुमचा प्रश्न कळला, पण माझ्याकडं उत्तर एवढंच आहे.

पळसफूल

दोन आठवड्यांनी येते आहे. तूर निघाली, बारसं झालं.

आधी अंतकला आजींचं सांगते, कारण धागा लिहिल्यापासून मनात होतं. आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात, ऐंशीच्या पुढं वय. धीर करून विचारलं, आजी, तुम्हाला या नावाचं कधी वाईट वाटलं का? त्या तंबाखू मळत म्हणाल्या, "नाव ठेवलं अंतकला, अन् माह्या मागून तीन पोरी झाल्या. त्यायची नावं गोदा, यमुना अन् सरू. देवानं कोनाचं आयकलं? मंग झाला ग्यानेश्वर. त्याले तीन जिल्ह्यात घुगऱ्या वाटल्या." मी म्हटलं नाव बदलावंसं वाटलं नाही? "लग्नात बदललं होतं नं. लक्ष्मी ठेवलं होतं. कोनी म्हनलंच नाही. नवरा 'अवं' म्हने, सासू 'पोरी' म्हने, मंग पोट्टे झाल्यावर 'ग्यान्याच्या बहिनी' म्हनत." गावात आजही त्या ज्ञानेश्वरची बहीण आहेत. ज्ञानेश्वर जाऊन दहा वर्षं झाली.

आता भाचीचं. मी घरी जाऊन नावांची यादीच केली होती. शाळेतली बाई म्हणजे यादी आलीच. रात्री जेवणं झाल्यावर सगळ्यांना बसवलं, एक एक नाव वाचलं. बाबा म्हणाले चांगलं आहे, भाऊ मोबाईल बघत म्हणाला कोणतंही ठेव, आई म्हणाली तू आत्या, तूच ठरव. मी फुशारले. मग सहज वहिनीकडं बघितलं. ती भांडी घासायला उठत होती. विचारलं, वहिनी, तुमच्या मनात काही आहे का?

ती म्हणाली, "ऋतुजा."

इतक्या पटकन म्हणाली की भावानं मोबाईल खाली ठेवला. कधी ठरवलं विचारलं तर म्हणाली, सातव्या महिन्यात. मुलगा झाला तर काय ठेवायचं ते घरातले ठरवतीलच, मुलगी झाली तर आपल्याला विचारतील असं तिला वाटलं होतं. पाच महिने कोणी विचारलं नाही. दुपारी सगळे वावरात गेले की ती तिला त्याच नावानं बोलवत होती. पोरगी त्या नावाला मान वळवते! आम्ही सगळे तिला बेबी बेबी करत होतो आणि ती बघत नव्हती, तर आई म्हणत होती कानाचं दाखवावं लागते.

माझी यादी मी घडी करून पर्समध्ये टाकली. धागा काढणारी मी, आणि पाच महिने वहिनीला न विचारणाऱ्यांत मीही होतेच.

बारशाला गोविंद-गोपाळ झालं, ते काही सुटत नाही. पण मी कानात नाव सांगायच्या आधी वहिनीला म्हटलं, आधी तुम्ही सांगा. मागून बुक्क्या दोघींनाही बसल्या.

तूरडाळ

अभिनंदन! घुगऱ्या इकडं पाठवा.

वऱ्हाडी ठेचा

लय मस्त. दाखल्यावर चढवलं का मंग नाव? नाहीतर ते रजिस्टरात बेबीच राहीन.

पळसफूल

चढवलं. बारा महिन्यांच्या आत, फुकटात. आशाताईंनी सांगितल्याप्रमाणं तिथंच उभं राहून वाचलं म्हणून बरं झालं. लिहिणाऱ्यानं 'रुतुजा' लिहिलं होतं. मी म्हटलं साहेब, ऋषीचा ऋ. ते म्हणाले, "मॅडम, पोरीचं नाव हाये, चालते." वहिनी पुढं झाली आणि म्हणाली, नाही चालत. सोमवारी परत बोलावलं आहे.